फार्मात पहिली नोकरी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी बरेचसे प्रश्न नुकतंच सायन्स ग्रॅज्युएशन झालेल्या मुलामुलींचे आहेत, त्यातले सगळ्यांना उपयोगी पडतील असे निवडलेत.

प्रश्न: मॅडम, केमिस्ट्री झालंय. क्यूसीची (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषधं तपासणारी लॅब) ऑफर आहे पण मला आर अँड डीच करायचंय. थांबू का?

नको थांबूस. आर अँड डी म्हटलं की नवीन मॉलिक्यूल शोधणारी लॅबच डोळ्यासमोर येते, पण फॉर्म्युलेशन (औषधापासून गोळी, सिरप वगैरे बनवणं) आणि अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट (औषध तपासायच्या पद्धती बनवणं) हेही आर अँड डीच आहे आणि अ‍ॅनालिटिकलवाले आधी बघतात की या मुलाने एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) स्वतः चालवलीय का. क्यूसीत ती रोज हाताखाली येते. फक्त नुसती सॅम्पलं मारत बसू नको, बफरचा पीएच एवढाच का, कॉलम (घटक वेगळे करणारी मशीनमधली नळी) सी-१८ प्रकारचाच का, हे विचारत राहा, आणि मेथड व्हॅलिडेशन (तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं) किंवा मेथड ट्रान्स्फरचं (ती पद्धत दुसऱ्या लॅबला देणं) काम निघालं की स्वतःहून माग, डेव्हलपमेंटच्या लोकांशी गाठ पडते ती तिथंच. हो म्हणायच्या आधी एवढं विचारून घे की इन्स्ट्रुमेंटवर कधी बसवणार.

प्रश्न: लॅबमध्ये नवीन आहे. रिझल्ट फेल आला की सिनियर म्हणतात परत मार, पास आला की तोच लिही. काय करू?

हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस, कारण नवीन मुलं इथंच अडकतात. याला टेस्टिंग इनटू कम्प्लायन्स, म्हणजे पास येईपर्यंत टेस्ट करत राहणं, म्हणतात आणि ते चालत नाही, कुठल्याच देशात. अमेरिकेत १९९३ च्या बार लॅबोरेटरीज खटल्यात कोर्टानेही हेच सांगितलं, की कारण न शोधता पास येईपर्यंत टेस्ट करत राहणं मान्य नाही.

रिझल्ट स्पेसिफिकेशनच्या (ठरलेल्या मर्यादेच्या) बाहेर गेला की सगळ्यात आधी, सोल्युशन ओतून टाकू नको. वजन, डायल्युशन, स्टँडर्ड, सिस्टीम सुटेबिलिटी (मशीन नीट चालतंय का याची चाचणी) सगळं त्याच सोल्युशनसकट तपासायचं असतं, ते गेलं की चूक लॅबची होती का गोळीची हे कळायचा मार्गच बंद होतो. लगेच सुपरवायझरला सांग आणि ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) नोंदवायला लाव. लॅबची चूक पुराव्यानिशी सापडली तरच पहिला रिझल्ट बाद करता येतो, नाहीतर चौकशी प्रॉडक्शनपर्यंत जाते. आणि रीटेस्ट झालीच तर ती आधी लिहून ठेवलेल्या प्रोसिजरप्रमाणे, मनाला येईल तेवढ्यांदा नाही.

सिनियर ऐकत नसतील तर क्यूएकडे (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, नियम पाळले जातात का बघणारा विभाग) जा. भीती वाटणार, मला समजतं, पण सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये (कुणी काय केलं याच्या आपोआप नोंदीत) मशीनमध्ये सोडलेलं ते सॅम्पल तुझ्या लॉगिनने वेळेसकट राहतं, इन्स्पेक्टर आला की सिनियरला नाही, तुला विचारतो. आणि त्या बॅचच्या गोळ्या कुणीतरी आजारी माणूस घेणार असतो, तो काही परत टेस्ट करून बघत नाही, आपल्या सहीवरच विश्वास ठेवतो. तरीही तेच चालू राहिलं तर दुसरी नोकरी शोध, असल्या ठिकाणी शिकलेल्या सवयी सुटता सुटत नाहीत.

प्रश्न: मायक्रोबायोलॉजीवाल्यांना फार्मात जागा असते का?

असते की, इंजेक्शन बनवणाऱ्या प्लँटला तुमच्याशिवाय चालतच नाही. पाण्याची टेस्टिंग, क्लीनरूमचं एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग, स्टेरिलिटी (जंतू नाहीत ना), एंडोटॉक्सिन (जंतूंपासून येणारं विष) तपासणं. मीडिया फिल नीट समजून घे, म्हणजे औषधाऐवजी जंतू वाढतील असं माध्यम भरून लाइन खरंच अ‍ॅसेप्टिक (जंतूविरहित) आहे का ते बघायचं, नवीन लाइनला साधारण ३ रन लागोपाठ आणि पुढे दर ६ महिन्यांनी. ज्याला हे धड सांगता येतं त्याला इंटरव्ह्यूत फार छळत नाहीत.

प्रश्न: लॅब नको वाटते. सायन्सचं शिक्षण वाया जाईल का?

अजिबात नाही. फार्माकोव्हिजिलन्स बघ, रेग्युलेटरी (औषधाच्या परवानगीची कागदपत्रं सांभाळणारं काम) बघ. पहिल्यात साइड इफेक्टच्या केसेस तपासायच्या, पेशंट, कळवणारा, संशयित औषध आणि त्रास या ४ गोष्टी असल्या की केस धरायची, गंभीर आणि अनपेक्षित असेल तर बऱ्याच देशांत १५ दिवसांत नियामकाकडे पाठवायची. वाचायचा कंटाळा असेल तर मात्र तिकडे जाऊ नको.

प्रश्न: इंटरव्ह्यूत नक्की काय विचारतात?

तुझ्या प्रोजेक्टमधलंच. रिझ्युमेवर एचपीएलसी लिहिलंस आणि चालवताना नुसतं बघितलंयस, तर दुसऱ्या प्रश्नाला कळतं, रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) सरकला तर कुठं बघशील असं विचारलं की संपलं. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण), पीएच, फ्लो, तापमान, जुना कॉलम, एवढं तरी कारणांसकट यायला हवं. स्टॅबिलिटीच्या (औषध किती काळ टिकतं याच्या चाचणीच्या) कंडिशन पाठ कर, अ‍ॅक्सिलरेटेडला (म्हणजे मुद्दाम जास्त उष्णतेत, लवकर निकाल कळावा म्हणून) ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रता, ६ महिने. रेकॉर्डमध्ये चूक झाली तर काय करशील, हेही विचारतात. एक रेघ, मूळ आकडा वाचता यायला हवा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर म्हणालास की गेलास.

प्रश्न: आधी मास्टर्स करू का नोकरी?

नवीन औषधं शोधायच्या रिसर्चमध्येच जायचं असेल तर मास्टर्स काय, बऱ्याचदा पीएचडीही लागते, मग ते शिक्षण सुरू करायला उगीच थांबू नको. बाकी कामांसाठी आधी नोकरी कर असंच मी सांगेन, कारण क्यूए आवडतं का फॉर्म्युलेशन हे आत गेल्याशिवाय कळत नाही आणि मास्टर्सचा विषय त्यावरच ठरवायला हवा.