माऊस बाजूला ठेवा, कीबोर्ड जवळ घ्या

दादा, नजर कमी झाली म्हणून कॉम्प्युटर सोडू नका. मी बेळगावात बारा वर्षं एनव्हीडीएवरच काम करतोय. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा:

- कंट्रोल-आल्ट-एन दाबून सुरू करायचा. नुसतं कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं.
- इन्सर्ट धरून 1 दाबा. मग जी कळ दाबाल तिचं नाव तो सांगतो, बिघडत काही नाही. टॅब, बाण, एंटर बोटांत बसेपर्यंत रोज हेच. पुन्हा इन्सर्ट-1 दाबलं की बाहेर.

सगळे शॉर्टकट एकदम पाठ करू नका, नवीन माणूस तिथंच कंटाळतो. बोलण्याचा वेगही कमीच ठेवा.

आपल्याकडं कागद दोन भाषांत येतात. मराठीला मराठी आवाज निवडा, कन्नडला कन्नड. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्राममध्ये दोन्ही आहेत. मागं एक कन्नड सरकारी पत्र उघडलं तर एनव्हीडीए गप्प! अर्धा तास मी आवाजाच्या सेटिंगमध्ये शोधत होतो. पत्र स्कॅन केलेलं, म्हणजे नुसतं चित्र होतं. अशा वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा अक्षरांत, टाइप केलेली फाइल मागा, आणि हक्कानं मागा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आपल्या बाजूनं आहे. चित्रातली अक्षरं वाचून घ्यायची सोयही आहे, पण ती पुढच्या महिन्यात शिका.