बांध कोरणाऱ्या काकाचं पत्र

प्रिय बाळा, सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला आणि खरं सांगू का, हसूच आलं, कारण तुझ्या वयात मीही अगदी हेच म्हणायचो. तू लिहितेस की काका, मी कुणाचं वाईट केलं नाही, टॅक्स भरते, घरी पैसे पाठवते, मग दर रविवारी चर्चमध्ये "आम्ही पापी आहोत" कशाला म्हणायचं, किती निगेटिव्ह वाटतं ते. आणि आदामानं फळ खाल्लं तर बिल माझ्या नावावर का?

पाळकसाहेब तुला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढून देतील, सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत. बरोबरच आहे ते. पण मी शेतकरी माणूस, मला ते बांधावर कळलं.

आमच्या आणि चुलतभावाच्या रानामधे एक बांध आहे. नांगरट करताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जरासा बांधात घालायचा, वीतभर पण नाही, माती खाली येते, पुढच्या वर्षी तिथं बाजरी उगवते, कोण बघतंय. आजोबा करायचे, वडील करायचे, मी नुसतं ट्रॅक्टरवाल्याला हातानं खुणावायचो. तोंडानं कधी बोललो नाही, म्हणजे बघ, मला माहीत होतं. आणि रविवारी पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं गीतं म्हणायचो, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला द्यायचो, सुगीच्या सणाला पहिलं पोतं माझं. त्याच रानातलं!

मग मोजणी आली. मोजणीवाल्यानं खुणा रोवल्या तर हद्द माझ्या बाजरीत चांगली पाच पावलं आत. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "एवढं काय मी नाही केलं, हे आजोबांचं असणार." आता बायबलातल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघड. आदाम देवाला काय म्हणतो, तू दिलेल्या ह्या बाईनं मला फळ दिलं. म्हणजे मला आजोबांकडून सातबारा मिळाला तसा हात पण तोच मिळाला आणि जीभ पण तीच मिळाली. तुझ्या बिलाच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, बिल आदामाचं असेल पण सही माझी होती.

भाऊ काही बोलला नाही. घरातून चहा आणला, आधी मोजणीवाल्याला दिला, मग मला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तो चहा काही केल्या घशाखाली जाईना.

जमीन दिली परत. पण इतक्या वर्षांचं पीक? ते त्यानं सोडून दिलं, म्हणजे त्याच्या पोरांच्या तोंडचं गेलं. क्षमा फुकट नसते गं, ज्याचं नुकसान झालं तोच ते सोसतो, तेव्हा कुठं दुसरा सुटतो. वधस्तंभ, म्हणजे येशूचा क्रूस, मला तिथं थोडासा कळला, देवानं आपलं नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं. (सेमिनरीत धर्मशास्त्र शिकलेले यात चार चुका काढतील, काढू देत.)

जक्कयाची गोष्ट लूकच्या १९ व्या अध्यायात परत वाच, पण क्रम नीट बघ. जकातदारांचा मुखिया, यरीहोत उंबराच्या झाडावर चढून बसलेला, येशू खालून म्हणतो लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. अजून त्यानं लोकांचा एक पैसा परत केलेला नाही! चौपट परत देण्याची भाषा नंतर येते. आपण उलटं समजतो, आधी मी सुधारतो मग देवाकडे जातो. तसं होत नसतं, मी करून बघितलंय, कारण जमीन परत देऊनही आज नांगरट चालू असली की माझी नजर बांधाकडे जातेच. ते रोमकरांस पत्र लिहिणारा पौलासारखा माणूस म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, तिथं आपलं काय. सल्ला देऊन जात नाही हे, तारणाराच लागतो.

आणि बाप्तिस्मा झालाय म्हणून निवांत पण राहू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, पण पुढं त्यांनीच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई हे कबूल करते.

तू पापांची यादी वगैरे करत बसू नकोस, तुझी पिढी त्याचं पण अॅप काढेल, आणि दोष उगाळत रडत पण बसू नकोस. फक्त एवढं शोध की तू हातानं खुणावतेस पण तोंडानं बोलत नाहीस असं काय आहे. सापडलं की प्रार्थनेत तेवढंच बोल, सुंदर शब्द नकोत. येशूच्या दाखल्यातला तो दुसरा जकातदार तर मंदिरात लांब उभा राहून एकच वाक्य बोलला होता.

यंदाची नांगरट पुढच्या महिन्यात आहे, जमलं तर ये. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय, मी खुणावलं तर माझ्याकडे बघायचं नाही.

तुझा काका