बेळगावात भाडेकरूंच्या बाजूचा उमेदवार निवडून आणायचा तर नेमकं काय करावं?

तुम्ही विचारलंय, की खासबागेत भाड्यानं राहतो, निम्मा पगार भाड्यात जातो. आमच्यासारख्यांना परवडतील अशी घरं व्हायला हवीत असं म्हणणारा एखादा उमेदवार उभा राहिला तर त्याच्यामागं कसं उभं राहायचं? आणि मराठी माणसानं सीमाप्रश्न सोडून घरासाठी मत दिलं तर चुकतं का? दोन्हीचं उत्तर देते. पण त्याआधी मला सांगा, तुमचं मत कुठं आहे? खासबागेत की गावी?

हे मी उगाच विचारत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा आम्ही आठ-दहा बायकांनी आमच्या वॉर्डातल्या एका अपक्षासाठी जीव तोडून काम केलं होतं. माणूस साधा, उद्यमबागेत फौंड्रीत राबलेला, पंधरा वर्षं स्वतः भाड्याच्या खोलीत काढलेला. वॉर्डात एक सरकारी पडीक जागा आहे, तिथं भाडेकरू कुटुंबांसाठी घरं व्हावीत हा त्याचा एकच मुद्दा, आणि तो त्यानं पत्रकावर ठळक छापला होता. ज्या दारात जावं तिथं लोक म्हणायचे, "मत तुम्हालाच की हो अण्णा." मतमोजणीला तो पडला. थोडक्यात नाही, चांगलाच पडला.

आठवडाभर मला वाटत राहिलं की लोकांनी तोंडावर एक सांगितलं आणि आत जाऊन दुसरं बटण दाबलं. मग एका संध्याकाळी मी माझी वही आणि मतदारयादी शेजारी शेजारी ठेवून बसले. मी एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे, घरोघर जाऊन गोळा करते. चौदा वर्षं झाली, शहापूर, वडगाव, खासबाग हा माझा पट्टा. आमच्या तीन गल्ल्यांत भाड्यानं राहणारी एकसष्ट घरं माझ्या वहीत होती. यादीत नावं सापडली त्यांतल्या चौदा घरांची. बाकीच्यांची मतं खानापूर तालुक्यात, हुक्केरीत, बैलहोंगलात, काहींची तर चंदगडात. लोकांनी फसवलं नव्हतं. ज्यांच्यासाठी अण्णा लढत होते, त्यांना अण्णांना मत देताच येत नव्हतं.

बूथचं गणित मांडणाऱ्या कार्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते यादी हातात घेऊन फिरतात. यादीत नाव नाही त्या दाराची कडी वाजवत नाहीत. घरमालकाच्या घरात पाच मतं, मागच्या चार खोल्यांतल्या वीस माणसांत मिळून एक. मग उमेदवार कुणाचं ऐकणार?

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथंच सुरू होतं. पत्रकं वाटणं, स्टेटसला फोटो ठेवणं, सभेला जाणं हे नंतर. आधी नाव यादीत आणा. पत्ता बदलायचा असेल तर आता फॉर्म ८ भरायचा असतो, तोच फॉर्म दुसऱ्या मतदारसंघातून इकडं येणाऱ्यालाही चालतो. महापालिकेची यादी विधानसभेच्याच यादीवरून तयार होते, त्यामुळं हे काम एकदाच करावं लागतं. लोकांचं अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. घरमालक करारपत्र करून देत नाही, दिलं तरी नोंदणी करत नाही, त्याला भीती वाटते की भाडेकरू बसून राहील. पण करारपत्राशिवायही चालतं. गॅसचं बिल चालतं, या पत्त्यावरचं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं. आणि यातलं काहीच नसेल तर बीएलओनं, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या बूथच्या सरकारी माणसानं, घरी येऊन खात्री करायची असते, ती त्यांची जबाबदारी आहे. मी पंधरा-वीस जणांची पोस्टात खाती काढून दिली ती याचसाठी. गावचं मत सुटेल म्हणून माणसं कचरतात, मला कळतं ते. यात्रेला गेल्यावर सरपंचकीचा विषय निघतो आणि आपलं मत तिथं नसणं जिवाला लागतं. पण तुम्ही झोपता कुठं, पाणी भरता कुठं, मुलं शाळेत जातात कुठं, याचा विचार करा.

आता उमेदवाराबद्दल. "घरं देतो" असं सगळेच म्हणतात. निवडणूक तोंडावर आली की गल्लीत टेबल मांडतात, आधारची झेरॉक्स, दोन फोटो घेतात, घरकुलाचा फॉर्म भरला असं सांगतात. आमच्याकडं एका घरात अशा भरलेल्या फॉर्मच्या पोचेचे चार कागद आहेत, चार वेगवेगळ्या निवडणुकांचे. म्हणून जो फॉर्म वाटतो त्याच्यापेक्षा जो जागेबद्दल बोलतो त्याच्याकडं लक्ष द्या. बेळगावात घर अडतं ते सिमेंटपायी कमी आणि जागेच्या कागदापायी जास्त.

हे एका उदाहरणानं सांगते. माझ्या वहीतल्या एक वहिनी वडगावात राहतात. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, मध्ये दीड हात बोळ, त्या बोळात मुलगी दहावीचा अभ्यास करायची. मागाची खटखट थांबली की तिला झोप यायची, इतकी त्या आवाजाची सवय. वहिनी रोज पन्नास रुपये भरायच्या, तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही. मुदत संपून पन्नास हजारांच्या वर रक्कम हातात आली, आणि त्याच महिन्यात मालकानं वरचा मजला चढवायचा म्हणून खोली रिकामी करायला सांगितलं. सगळे पैसे नव्या खोलीच्या डिपॉझिटला गेले. त्यांच्या दिरानं उलटा मार्ग धरला होता. त्यानं शेताडीत वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, खरेदीखत न करता नुसत्या शंभराच्या बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर. एनए, म्हणजे बिनशेती परवाना नाही, लेआउट, म्हणजे प्लॉटांचा आराखडा मंजूर नाही, उताऱ्यावर नाव अजून मूळ शेतकऱ्याचंच. पत्र्याचं घर बांधलं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी कमरेपर्यंत आत आलं. पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याला स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राकडून दीड लाख मिळतात, पण जागा नावावर हवी. बॉण्डवरच्या प्लॉटला ते पैसे नाहीत आणि बँकेचं कर्जही नाही. पंचायतीच्या हद्दीत ज्यांच्याकडं फॉर्म ११ ब, म्हणजे बिनशेती नसलेल्या जागेचा पंचायतीचा उतारा आहे, त्यांचीही कर्जासाठी अशीच वणवण चालते.

त्यामुळं उमेदवाराला विचारायचं ते असं: जागा कुठली? सर्व्हे नंबर काय? उताऱ्यावर नाव कुणाचं? तिथं किती घरं बसतील? नाल्याच्या पात्रापासून ती जागा किती लांब? आणि बॉण्डवरच्या प्लॉटवर जे आधीच राहतात त्यांचे कागद सरळ करायला तुम्ही सभागृहात काय मांडणार? ज्याला यातलं निम्मं तरी सांगता येतं तो अभ्यास करून आलाय असं समजा. उमेदवारी अर्जाबरोबर मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं असतं, तेही वाचा. ज्याचा स्वतःचा प्लॉट विकायचा धंदा आहे त्यानं स्वस्त घरांसाठी भांडावं ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि त्यामुळं राग भलत्याच माणसावर निघतो. कोण काय करू शकतो हे वेगवेगळं आहे. शहरात सरकारी घरकुलांचे लाभार्थी ठरवते ती आश्रय समिती, आणि तिचा अध्यक्ष असतो आमदार. नगरसेवक नव्हे. नवे लेआउट पाडायचं काम बुडाचं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं, तिथला अध्यक्ष राज्य सरकार नेमतं, आमदार तिथं सभासद असतात. झोपडपट्टीतली पक्की घरं हा राज्याच्या स्लम बोर्डाचा विषय. महापालिकेकडं राहतात बांधकाम परवाने, घरपट्टी, पाणी, गटार आणि पालिकेच्या मालकीच्या जागा. म्हणजे नगरसेवक घर देऊ शकत नाही, पण पालिकेची जागा घरांसाठी राखून ठेवा असा ठराव तो मांडू शकतो आणि तो मंजूर होईपर्यंत चिकटून राहू शकतो. आमदाराला विचारायचा प्रश्न वेगळा: आश्रय समितीची बैठक शेवटची कधी घेतली आणि यादी लोकांना वाचून दाखवली का? हिंडलगा, बेनकनहळ्ळी, कंग्राळी अशा पंचायतीत राहत असाल तर ताकद आणखी तुमच्या हातात आहे, कारण तिथं लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेत होते. त्या सभेला वीस-पंचवीस बायका पिशव्या घेऊन लवकर जाऊन बसल्या तर नावं कशी बदलतात ते मी बेळगावजवळच्या एका गावात डोळ्यांनी पाहिलंय. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्हही नसतं, माणूस बघूनच मत द्यायचं असतं.

आणि निवडून दिलं म्हणजे झालं असंही नाही. २०२१ ला आम्ही मतं दिली, पण महापौर निवडला गेला २०२३ च्या फेब्रुवारीत. दीड वर्षाच्या आसपास निवडून आलेली माणसं होती आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. त्या काळात पाठीमागं लागणारं कुणी नव्हतं, आम्हीसुद्धा नव्हतो. ती चूक आमची.

जागेचं बोलताना मला स्वतःला जड जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. माझं माहेर येळ्ळूरचं, शेतकऱ्याचं घर. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी आपल्या तिबार पिकाच्या जमिनीसाठी शेतकरी बांधावर उभे राहिले, तेव्हा मी मनानं त्यांच्यातच होते. कणबर्गीला बुडाची ६१ नंबरची प्लॉटांची योजना इतकी वर्षं रखडली, तिथंही शेतकऱ्यांचाच प्रश्न होता. शहराला घरं हवीत म्हणून आमच्याच भावांच्या भाताच्या जमिनी घ्यायच्या, चांगले प्लॉट पैसेवाल्यांनी उचलायचे आणि भाडेकरूनं पुन्हा खोलीच शोधायची, हे मला मान्य नाही. म्हणून "हजार घरं बांधतो" म्हणणाऱ्यापेक्षा "या दोन एकर सरकारी पडीवर साठ घरं बांधू" म्हणणारा मला खरा वाटतो. शहराच्या आत जागा आहेत. जुन्या, पडक्या, सरकारी नावावर असलेल्या, कचरा पडलेल्या. त्या आधी मोजा. शेतकरी आणि भाडेकरू यांना एकमेकांवर घालणारा उमेदवार मला नको, मग तो कितीही गोड मराठी बोलो.

तुमचा दुसरा प्रश्न मनाला लागला, कारण मलाही तो विचारला गेलाय आणि विचारणारे परके नव्हते. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझे सासरे सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. १ नोव्हेंबरला मी आजही काळ्या दिवसाच्या फेरीत चालते आणि चालत राहीन. पण त्या दाव्याचा निकाल नगरसेवकाच्या हातात नाही, पालिकेच्या जागेचा ठराव आहे. आपण वर्षानुवर्षं मराठी उमेदवार आणि कानडी उमेदवार एवढंच पाहिलं. २०२१ ला पक्ष पहिल्यांदा चिन्हं घेऊन उतरले, अठ्ठावन्नपैकी पस्तीस जागा भाजपनं घेतल्या, आणि त्याही प्रचारात माझ्या कानांवर भाडेकरूचं नाव आलं नाही, एका अण्णांचा अपवाद सोडून. माझ्या खोलीच्या पलीकडं कानडी बोलणाऱ्या विणकर अक्का राहतात. त्यांचं भाडं आणि माझं भाडं एकाच तारखेला वाढतं.

शिवाय मराठीचंच बघायचं तर माझ्या दोन भाच्यांपैकी एक पुण्याला गेला, एक गोव्याला. दोघांनाही इथं काम होतं. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारायचे, घर स्वतःचं आहे का? त्यांची मुलं आता इथल्या मराठी शाळेच्या पटावर नाहीत. इथं मराठी टिकायची तर मराठी बोलणाऱ्या पोरांना इथं डोक्यावर छप्पर परवडलं पाहिजे. आणि ज्याला भाषेसाठी खरंच काही करायचंय त्यानं घरकुलाचा अर्ज मराठीतही छापून द्या अशी मागणी लावून धरावी. आज तो अर्ज कानडीत येतो, बऱ्याच बायकांना वाचता येत नाही, मग वाचून दाखवणारा एजंट पाचशे रुपये घेतो आणि काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. तेव्हा नाही, घरासाठी मत दिलं तर तुमचं काही चुकत नाही. मराठी उमेदवारालाही हे प्रश्न विचारा आणि कानडी उमेदवारालाही. उत्तर कागदावर लिहून सही मागा. आमच्या गल्लीत आम्ही पुढच्या वेळी तसंच करणार आहोत.

अण्णांनी आता चहाची गाडी टाकलीय. मी रोज सव्वासातला पिग्मीला जाते, ते शंभराची नोट देतात आणि पावती फाडेपर्यंत एकच विचारतात, "यादीत किती झालो?" चौदावरून सुरुवात केली होती. काल मी त्यांना सांगितलं, सदतीस.