कड्यावरून फेकलेला चेंडू आणि पाठ केलेले सूत्र

प्रश्न: पल्ला, उड्डाणकाळ, कमाल उंची, सगळी सूत्रे पाठ आहेत. तरी कड्यावरून फेकलेल्या चेंडूचे गणित चुकतेच. का?

पल्ल्याचे, म्हणजे चेंडू आडवा किती लांब जाऊन पडतो त्याचे, ते सूत्र वस्तू सुटली त्याच पातळीवर पडली तरच चालते. कड्याच्या गणितात ते बाजूला ठेवा आणि उभी व आडवी गती वेगवेगळी मांडा. दोन्हींना जोडणारा दुवा एकच, काळ. आधी तो काढा.

समजा कडा १५ मीटर उंच, वेग २० मी/से, कोन क्षितिजाच्या वर ३०°, गुरुत्वत्वरण १० मी/से². वेगाचा उभा घटक १०, आडवा १७.३. वरची दिशा धन मानली, तर जमिनीपर्यंतचे विस्थापन −१५. चिन्हाची चूक होते ती इथेच, म्हणून दिशा आकृतीत आधी लिहूनच टाका. काळ क्ष मानून, विस्थापन = उभा वेग × काळ − ½ × गुरुत्वत्वरण × काळ² यात किमती घाला:

−१५ = १०क्ष − ५क्ष²
क्ष² − २क्ष − ३ = ०

क्ष = ३ किंवा −१. तीन सेकंदांत आडवे अंतर सुमारे ५२ मीटर. पाठ केलेले सूत्र ३४.६ मीटर देते. चेंडू परत कड्याच्या उंचीवर येतो, ती ही जागा. तिथून तो अजून खाली जायचा असतो. आणि −१ वर नुसती काट मारू नका. हाच मार्ग मागे वाढवला, तर चेंडू एक सेकंद आधी जमिनीवर असता, असे ते उत्तर सांगते. मला हा या गणितातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

प्रश्न: सर्वोच्च बिंदूला वेग शून्य धरायचा ना?

फक्त उभा घटक. आडवा १७.३ तसाच राहतो. त्वरणही तिथे शून्य होत नाही, १० मी/से² खालच्या दिशेनेच असते.

प्रश्न: ४५° कोनात पल्ला सर्वाधिक, हे तरी नक्की?

सपाट जमिनीवर, हवेचा विरोध नसेल तर हो. वरच्याच कड्यावरून ४५° ने फेकून पाहा: सुमारे ५१.६ मीटर, म्हणजे ३०° पेक्षा किंचित कमीच! इथे सर्वाधिक पल्ला ३७° च्या आसपास मिळतो, जवळजवळ ५३ मीटर. कडा जितका उंच, तितका हा कोन कमी.

प्रश्न: वस्तुमान दिलेले असते, पण कुठेच वापरले जात नाही. काही सुटते आहे का?

नाही. हवेचा विरोध धरलेला नसेल तर वस्तुमानाचा मार्गावर परिणाम होत नाही.