हवा कुणी बंद केली?

"मॅडम, माझा मुलगा असं का लिहितो?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्या टेबलापाशी येतो. कधी वहीसकट, कधी गुपचूप काढलेल्या पानांच्या फोटोंसकट. लिहिणारा साधारण अठरा ते पंचवीसच्या मधला, घरात शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कागदावर मात्र बंद खोल्या, माणसांवर चाललेले प्रयोग, संपत आलेलं जग. आईवडिलांना वाटतं, पोराच्या आत काहीतरी नासतंय. खुद्द पोराला त्याहून जास्त भीती वाटत असते, फक्त तो ती बोलून दाखवत नाही. म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट इथे सांगते. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

तो तेवीस वर्षांचा. आधी आई एकटीच आली. पिशवीतून दोनशेएक पानांचा गठ्ठा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. कादंबरीचा पहिला खर्डा.

"यात सतरा माणसं जातात," ती म्हणाली. "मी मोजलीत."

खरोखरच मोजली होती. प्रत्येक मृत्यूच्या वाक्याखाली लाल पेनाची रेघ आणि समासात आकडा, १ पासून १७ पर्यंत. भरीला, लॅपटॉपवर त्याने काय शोधलं होतं तेही तिने पाहिलं होतं: 'माणूस किती टक्के ऑक्सिजनवर जिवंत राहू शकतो'. ते वाचल्यापासून दोन रात्री ती त्याच्या खोलीच्या दाराबाहेर झोपली होती.

अशी भीती मी कधीच उडवून लावत नाही. असा शोध कादंबरीसाठी असू शकतो, तसा स्वतःसाठीही असू शकतो. त्यामुळे तो आला त्या दिवशी इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं.

"तुला मरावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं, असं कधी मनात येतं?"

तोवर तो खिडकीकडे बघत होता. आता माझ्याकडे वळला. "नाही. पण थेट विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकी सगळे मला फिरायला जात जा म्हणतात."

पालकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि माझा अनुभवही तोच आहे. विचार असलाच तर तो उघड्यावर येतो, नसला तर समोरच्याला निदान एवढं कळतं की इथे काहीही बोललेलं चालतं. त्याची झोप, भूक, मित्र, नोकरी, पुढच्या सहा महिन्यांचे बेत, सगळ्याची मी नीट चौकशी केली. झोप तेवढी बिघडली होती, त्याबद्दल पुढे सांगते. बाकी धोक्याची खूण कुठेच नव्हती.

"मग ऑक्सिजनचं काय?"

त्याचा चेहराच उजळला. त्याची कादंबरी एका घुमटाखालच्या शहरात घडते. हवा मोजकी, म्हणून दर महिन्याला नागरिक मत देऊन ठरवतात की कुणाचा हवेचा वाटा काढून घ्यायचा. मत कुणाचं ते कुणालाच कळत नाही. एका तंत्रज्ञाच्या लक्षात येतं की नावांची यादी मतदानाच्या आधीच छापून तयार असते. इथून थरार सुरू होतो. हे खरं वाटावं म्हणून तो महिनोन् महिने वाचत होता. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, हे त्यानेच मला सांगितलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात 'बायोस्फिअर २' नावाच्या बंदिस्त वास्तूत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली होती, त्यांच्याबद्दल तर तो थांबेचना. तिथला ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला आणि शेवटी बाहेरून भरावा लागला. मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बांधकामातलं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे बराच काळ कुणाला उलगडाच होईना.

"आणि ती आठ माणसं चार-चारच्या दोन गटांत फुटली, मॅडम. हवा कमी झाली की माणसं काय करतात, ते मला लिहायचं होतं."

पहिल्या भेटीच्या शेवटी मी आईला एवढंच सांगितलं, आज रात्री स्वतःच्या खोलीत झोपा.

पण गुंता होताच. आई घाबरली म्हणून त्याने दीड महिना लिहिणं बंद केलं होतं, आणि तेव्हापासून तीच दृश्यं रात्री त्याला झोपू देत नव्हती. यात आश्चर्य काहीच नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे खुशाल विचार करा म्हटल्यावर तर, आधी दाबून ठेवलेल्यांना तो इतरांपेक्षा जास्त सुचला. "लिहू नकोस" असं सांगणाऱ्या प्रत्येक घरात हे अस्वल हिंडत असतं. मी त्याला लिहायला परत बसवलं. सकाळी, ठरलेल्या वेळेत, आणि झोपेआधीचे दोन तास त्या घुमटात जायचं नाही, एवढ्या अटीवर.

पुढच्या तीन भेटी मी एका चुकीच्या वाटेवर घालवल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी जखम शोधत होते. लहानपणी मारहाण, कुणाचा मृत्यू, कुणी केलेला छळ. "तुझ्यावर काय बेतलं?" हाच प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत विचारत राहिले. तिसऱ्या भेटीत तो वैतागला. "प्रत्येकाला माझ्यात एक जखम हवी आहे. नाहीये. माझं बालपण चांगलं गेलं."

त्या रात्री मी तो गठ्ठा पुन्हा उघडला, आणि या वेळी फक्त आईने लाल रेघ मारलेली वाक्यंच एकाखाली एक वाचली. 'त्यांचा हवेचा वाटा थांबवण्यात आला.' 'खोली क्रमांक ४० मोकळी करण्यात आली.' 'तिचं नाव यादीतून वगळण्यात आलं.' तिसऱ्या-चौथ्या वाक्याशी माझा हात थबकला. आजही ते आठवलं की समाधान वाटतं. माणूस काय सांगतो त्याच्याइतकंच, तो वाक्य कसं बांधतो हेही ऐकायचं, ही सवय मी वर्षानुवर्षं लावून घेतली आहे. त्या रात्री ती कामी आली.

पुढच्या भेटीत ती वाक्यं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "कुणी थांबवला?"

"म्हणजे?"

"हवेचा वाटा कुणी थांबवला? खोली कुणी मोकळी केली? तुझ्या वाक्यांत कर्ताच नाही."

त्याने माझ्या हातून गठ्ठा घेतला. एका लाल खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जात त्याने पानं उलटली. सतराव्या खुणेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

"सगळीच," तो म्हणाला. "मी हे ठरवून केलेलं नाही."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं तर काम बिघडतं.

"सातवीत आमच्या वर्गातल्या एका मुलाशी बोलणं बंद करण्यात आलं होतं," तो म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यासारखा थांबला. "आम्ही बंद केलं होतं." पुन्हा बराच वेळ गेला. "मी. मी त्याच्या शेजारी बसायचो."

वर्गात काहीतरी चोरीला गेलं होतं. तो मुलगा कबूल होईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा शिक्षकांचा हुकूम. कुणी त्याला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. अकरा दिवस सगळ्या वर्गाने नियम पाळला आणि शिस्तीबद्दल कौतुकही झालं. शेवटच्या दिवसांत कधीतरी त्या मुलाने स्वतःचा खोडरबर बाकावरून हळूच ह्याच्याकडे सरकवला. काही खोडायचं नव्हतं. नुसताच सरकवला. ह्याने दोन बोटांनी तो परत ढकलला.

कादंबरीत नववी लाल खूण जिथे आहे, तिथे बंद दाराखालच्या फटीतून एक माणूस रिकामा डबा बाहेर सरकवतो आणि नायक तो पायाने परत आत लोटतो. ते पान मी तीनदा वाचलं होतं. आईने त्यावर रेघ मारली होती. त्याने स्वतः लिहिलं होतं. आणि आम्हा तिघांनाही ते दिसलं नव्हतं.

मला इथे जे उमगलं ते अशा प्रत्येक पालकापर्यंत पोहोचावं असं वाटतं. काळोखी लिखाणामागे प्रत्येक वेळी सोसणारं मूल नसतं. कधी ते बघत राहिलेलं मूल असतं, कधी सामील झालेलं. त्याला काय सोसावं लागलं हे विचारत बसलो तर तो खरंच सांगतो की काही नाही, आणि आपण त्याला खोटा ठरवतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी, पलीकडच्या खोलीतला माणूस भिंतीवर हात आपटतोय हे ऐकूनही, सांगितलं म्हणून त्याला ४५० व्होल्टचा शॉक देणारं बटण दाबलं. शॉक खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्या प्रयोगावर पुढे बरेच आक्षेप आले, तरी वरून हुकूम आला म्हणून माणूस दुसऱ्याला इजा का करतो, हा प्रश्न काही मिटलेला नाही. हा मुलगा तोच प्रश्न बाराव्या वर्षापासून एकटा वागवत होता.

मग विज्ञानकथाच का? मी विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं. आधी त्याने कविता केल्या होत्या, मग शाळेची साधी गोष्ट लिहून पाहिली होती. "ती वाचून मित्र म्हणाला, लहान होता रे तुम्ही. लगेच माफ. घुमटात मोठी माणसं ठेवली, हवेचा हिशोब चोख ठेवला, की कुणालाच सुटता येत नाही. वाचणाऱ्यालाही नाही." या लेखनप्रकाराचं इतकं नेमकं समर्थन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

त्याला छळत होती ती गोष्ट वेगळीच. "मला हे सुचतं, कारण मी तसाच आहे," असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. इथे मी माझ्या वाटेने जाते, आणि ती वाट मानसोपचारातल्या अल्बर्ट एलिस यांची आहे. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. खोडरबर परत ढकलणं चूकच होतं. "जाऊ दे, लहान होतास" म्हणून मी ते पुसलं नाही, तशी सूट त्याला नकोच होती. पण बारा वर्षांच्या मुलाच्या दोन बोटांवरून तेवीस वर्षांच्या माणसाचा निकाल लावायला मी त्याला दिला नाही. "वाईट माणसाला त्या खोडरबराचं काय वाटलं असतं?" एवढंच विचारलं. तो रडला. पुढच्या चार भेटी आम्ही याच एका गाठीवर घालवल्या. त्या इथे सांगत नाही, कारण त्यात तेच तेच पुन्हा बोलणं होतं, आणि तसंच असावं लागतं.

एकदा त्याने दबकत विचारलं, "मी बरा झालो तर लिहिता येईल ना?" लिहिणाऱ्या कितीतरी मुलांना हे विचारायचं असतं, आणि काही जण याच भीतीने मदत घेत नाहीत. मी पाहिलं आहे ते असं: त्रास वाढतो तेव्हा लिखाण आधी अडतं. दीड महिना झोप उडालेली असताना याच्याकडून एक ओळ झाली नव्हती. हलका झाल्यावर त्याने सतराही वाक्यं पुन्हा लिहिली, प्रत्येकात कर्ता घातला. शेवटचं वाक्य 'मी' ने सुरू होतं. कादंबरी आधीपेक्षा जास्त भयंकर झाली, आणि त्याला शांत झोप लागू लागली.

टोपणनावाचाही विषय निघाला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्या नावामुळे परीक्षक झुकू नयेत म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. "तुला कशासाठी हवंय?" मी विचारलं. "आईसाठी," तो म्हणाला. मग ते नाव बाजूला ठेवून आधी आईशी बोलायचं, असं ठरलं.

आईवडिलांनो, पानं हाती लागली तर चोरून मोजू नका, त्याच्याकडे मागा आणि वाचा. आधी पात्राबद्दल विचारा: हा माणूस असं का वागतो, पुढे त्याचं काय होतं? मूल पात्राबद्दल मोकळेपणाने बोलतं, आणि कधीकधी बोलता बोलता स्वतःबद्दलही. काळजी कशाची करायची तेही सांगते. लिखाणात खऱ्या, ओळखीच्या माणसाला इजा करण्याचा बेत दिसला. कथा संपून निरोपासारखं काही लिहिलं गेलं. झोप, जेवण, मित्र सुटत चालले. आवडत्या वस्तू वाटून टाकल्या जाऊ लागल्या. लिहिणारा त्या जगातून जेवणाच्या ताटावरही परत येईनासा झाला. तर थांबू नका, त्याच दिवशी सरळ विचारा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. प्रेतांची संख्या या यादीत नाही.

दुसरा खर्डा त्याने स्वतःहून आईला दिला, वर लाल पेन ठेवून. महिन्याने तो मला दाखवायला घेऊन आला. या वेळी समासात आकडे नव्हते. पान ६३ वर, जिथे तंत्रज्ञ यादीच्या मागावर घुमटाच्या तळघरात उतरतो, तिथे आईच्या अक्षरात लाल शाईने लिहिलेलं होतं: 'हा तीन दिवस झोपलेलाच नाही. कुठेतरी जरा बसू दे त्याला.'

त्याने तिथे एक पायरी घातली आहे. तंत्रज्ञ तिच्यावर बसतो, डोकं भिंतीला टेकतो आणि अर्ध्या पानभर काहीही होत नाही.