घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाचगणीला आमच्या सासऱ्यांचा जांभ्या दगडाचा जुना बंगला आहे. दिवाणखान्यातली फायरप्लेस कित्येक वर्षांत पेटलेली नाही. डिसेंबरात नातवंडं येतील, तेव्हा ती पेटवायचीच असा त्यांचा हट्ट आहे. झाडून-पुसून लाकडं लावली तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही चालणार, ताई. झाडून-पुसून होतो तो खालचा कट्टा. खरं काम वर धुराड्यात आहे. तिकडच्या बंगल्यांच्या धुराड्यांची वाट पावसाने लावलेली असते. चार महिने पाणी आत उतरतं, दगडांच्या सांध्यांतला चुना धुपून जातो आणि ठिणग्यांना भिंतीत शिरायला वाट मिळते. त्याच भिंतीत छपराच्या तुळईचं टोक रोवलेलं असलं, तर पुढचं सांगायला नको.

भर दुपारी चुलाण्यात आरसा धरून वर पाहा. आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर धुराड्याची वाट उघडबंद करणारी झडप गंजून बसली असेल, कुणीतरी वर पत्रा ठोकला असेल, नाहीतर साळुंक्यांनी घरटं केलं असेल. मधमाश्यांचं पोळं असेल तर माळ्याला धूर करायला सांगू नका, मध काढणाऱ्या माणसालाच बोलवा.

वाट मोकळी झाली, काजळी ब्रशने खरवडून काढली, की घमेल्यात थोडा ओला पाचोळा धुमसवा आणि एकाला टॉर्च घेऊन माळ्यावर उभं करा. भिंतीतून धुराची एक रेघ जरी आली, तरी या डिसेंबरात आग नाही. नातवंडांना भाजलेली कणसं द्या. गवंड्याकडून दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून घ्या, तेही चुन्याने. जुन्या चुन्याच्या कामात नुसतं सिमेंट तापून सुटतं. धुराड्याचं तोंड छपरातून निघतं तिथून किमान 3 फूट वर हवं, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून 2 फूट वर. वर टोपी आणि जाळी बसवा.

लाकूड वखारीतूनच घ्या. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आवारातलं झाड असलं तरी मनाला येईल तसं तोडता येत नाही. माळी सिल्व्हर ओकच्या ताज्या छाटलेल्या फांद्या आणून देईल, त्या आडोशाला रचून ठेवा, पुढच्या वर्षी बघू. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजल्या पाहिजेत. ओलं लाकूड धुमसतं, त्याचा डांबरासारखा थर धुराड्यात बसतो आणि एक दिवस तोच पेट घेतो. प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी, रॉकेल यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका.

पेटवण्याआधी झडप पूर्ण उघडी आहे ना, ते हाताने तपासा. मग वर्तमानपत्राची सुरळी पेटवून वर धरा. धुराडं तापलं की धूर वर ओढला जातो. पुढ्यात जाळी, किमान दीड फूट उघडी फरशी आणि खिडकीला बोटभर फट ठेवा. निखारे असताना झडप लावून झोपायला जाऊ नका. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवा. राखेखाली निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. गुलाबाच्या वाफ्यात घालायची घाई नको.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला घरी आली आहे. आजी म्हणतात, खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवा. ठेवावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अजिबात नको. फायरप्लेसला निदान धुराडं असतं. धूर सरून निखारे लाल झाले की आजींना वाटतं, आता भीती नाही. पण त्याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि घरचे म्हणतात, बाळंतपणाचा थकवा आहे. आजींशी वाद घालू नका. शेगडी अंगणात पेटवा, फडकी तिथेच गरम करा, हाताला सोसवतात ना ते बघून आत न्या. बाळाच्या खोलीत ओव्याची धुरीही नको.

प्रश्न : फ्लॅटमध्ये इथेनॉलवर चालणारी फायरप्लेस घ्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मी विजेची घेईन, तीही वेगळ्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर. इथेनॉलची घेतलीच, तर खिडकी उघडी ठेवा आणि भांडं पूर्ण थंड होईपर्यंत त्यात इंधन ओतू नका. त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही.