चढाला दमणारा डिझेल पिकअप आणि पाच इंची पाइप

प्रश्न : दादा नमस्कार, मी डेन्व्हरला असतो. माझ्याकडे २००१ चा फोर्ड एफ-२५० आहे, ७.३ पॉवरस्ट्रोक डिझेल, ऑटोमॅटिक, ताकद वाढवणारी चिप वगैरे काही लावलेली नाही. उन्हाळ्यात ७,००० पौंडांचा कॅम्पर मागे लावून आय-७० हायवेने डोंगरात जातो आणि आयझेनहॉवर टनेलच्या चढाला गाडी पार दमते, मागे काळा धूर. मित्र म्हणतो, सायलेन्सर काढून टाक आणि टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरतो तो) मागपर्यंत पाच इंची पाइप घाल. बायको म्हणते आधी कुणाला तरी विचार. काय करू?

उत्तर : वहिनींचं ऐकलंत, बरं केलंत!

पाच इंची नको. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तशा इंजिनला तेवढ्याची गरजच नाही, चार इंची भरपूर होतो, आणि पाचाने मिळेल काय तर हायवेवर तासन्तास केबिनमध्ये घुमणारा आवाज. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) असेल तर त्याला हातही लावू नका, तो काढणं फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे, बदल करायचा तो त्याच्या मागच्या भागात.

पण मुळात काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. तो टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच दाट, म्हणजे थोडाफार धूर यायचाच. तरी आधी लीक शोधा. ७.३ चं जुनं दुखणं म्हणजे इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डकडून टर्बोकडे जाणारे अप-पाइप, ते जॉइंटला लीक होतात, इंजिनच्या मागच्या बाजूला काजळी दिसली की समजायचं, टर्बोला मिळायचा जोर तिथेच वाया जातोय. मग इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करतो तो) रबरी बूट बघा, एअर फिल्टर बघा, आणि टर्बोच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून एक झडप असते, ती अर्धवट अडकली असेल तर मागे कितीही मोठा पाइप लावा, काही उपयोग नाही.

हे झालं की पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं टेम्परेचर दाखवणारा काटा, बसवून घ्या, टर्बोच्या आधी. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याच्या टेम्परेचरचा असतो हो, एक्झॉस्ट किती तापलाय ते तो सांगत नाही, आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे, फार तापले की वितळतात. लांब चढाला १,२५० फॅरेनहाइटच्या वर सतत राहू द्यायचं नाही. पायरोमीटरचा काटा चढायला लागला की आधी ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा, आरपीएम वाढतात, हवा जास्त जाते, स्पीड कमी झाला तर होऊ दे. आपल्याकडे कसाऱ्याला ट्रकवाले उगाच खालच्या गिअरात चढत नाहीत.

एवढं करूनही काटा १,२५० ला जाऊन बसत असेल, तर चार इंची घाला, टर्बोडिझेलला मागे दाब नकोच असतो, एक्झॉस्ट मोकळा झाला की टेम्परेचर थोडं उतरतं. जुना सायलेन्सर गंजून गेलाच असेल तर तसाही चार इंचीच घ्या. पण यामुळे ट्रकची ओढायची लिमिट एक पौंडानेही वाढत नाही, ती मॅन्युअलमध्ये आहे तीच. (२००७ नंतरच्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांना तर हा खर्च मी सांगणारच नाही, तिथे अडसर फिल्टरचाच असतो, आणि तो काढता येत नाही.)

आणि काटा खालीच राहिला तर सायलेन्सर आहे तसा राहू द्या, त्या पैशात कॅम्परचे ब्रेक करून घ्या, येताना तोच चढ उतरायचाय.